कार्ड मिळालं, तब्येतीचं काय?

म्हाडाची सोडत म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घरं मूठभर, अर्ज ढीगभर, म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या. २००८ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने अशीच एक सोडत काढली, पण ती आरोग्य विम्याची होती. गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी विम्यातला प्रौढांचा एक भाग तिथे काही वर्षं नव्या लोकांना बंद होता. आता तिजोरीत आणखी दहाएक हजार माणसांपुरते पैसे होते. नाव नोंदवायला पाच आठवड्यांची मुदत दिली, तर जवळपास नव्वद हजार लोकांनी नावं दिली. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत टप्प्याटप्प्याने नंबर निघत गेले.

या सोडतीने सगळ्यात जास्त आनंद झाला असेल तो एमी फिंकेलस्टाइन आणि कॅथरीन बेकर या अर्थतज्ज्ञ बाईंना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. सरकारने लोकांच्या औषधपाण्याची जबाबदारी घेतली, तर लोक खरंच जास्त निरोगी होतात का, या जुन्या भांडणाचा निकाल लावायची संधी त्यांना आयती मिळाली होती.

प्रश्न पहिल्यांदा ऐकला की खुळचट वाटतो. डॉक्टरकडे जायला पैसे लागले नाहीत तर माणूस जाईल, गेला तर बरा होईल, यात शोधायचं काय? मलाही तसंच वाटायचं. गोची आहे ती हे सिद्ध करण्यात.

समजा आपण विमा असलेली हजार माणसं आणि विमा नसलेली हजार माणसं शेजारी शेजारी ठेवली. विमावाले जास्त धडधाकट निघाले. श्रेय विम्याचं? अमेरिकेत बऱ्याच जणांना विमा नोकरीतून मिळतो, आणि नोकरी टिकते ती तब्येत बरी असेल त्याची. म्हणजे तब्येतीमुळे विमा मिळालेला असतो, विम्यामुळे तब्येत नव्हे. आता उलट समजा, विमावाले जास्त आजारी निघाले. तर विमा वाईट? तसंही नाही. ज्याच्या छातीत कळ येऊन गेली तोच आधी एजंटला फोन करतो.

योजनेच्या आधीचा आणि नंतरचा काळ ताडून पाहावा, तर तिथेही फसगत होते. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी नॅशनल हेल्थ सर्व्हिस सुरू झाली. त्या दिवसापासून गरीब-श्रीमंत सगळ्यांना उपचार मोफत. नंतरच्या वर्षांत क्षयाचे मृत्यू घसरत गेले हे खरं, पण ते त्याआधीही कितीतरी दशकं घसरतच होते. शिवाय स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध नेमकं त्याच सुमाराला आलं. मोफत दवाखान्याचा वाटा किती, औषधाचा किती आणि बऱ्या घरांचा-बऱ्या अन्नाचा किती, हे कुणी सोडवायचं?

सोडतीत हा गुंता उरत नाही. चिठ्ठी उचलणारा हात कुणाची शुगर वाढलीय आणि कुणाची नोकरी गेलीय हे बघत नाही. नंबर लागलेले आणि न लागलेले लोक सुरुवातीला सरासरीने सारखेच असतात. दोन वर्षांनी त्यांच्यात जो फरक दिसेल तो विम्याचा.

संशोधकांनी पोर्टलंड शहराच्या परिसरातल्या बारा हजारांवर लोकांना गाठलं. त्यांचं बीपी मोजलं, बोटाला टोचून रक्त घेतलं, कोलेस्टेरॉल पाहिलं, आपल्याकडे जिला ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात ती पाहिली. २०१३ साली निकाल छापून आला आणि दोन्ही बाजूंनी फटाके वाजवले.

विरोधकांनी अर्थातच पहिलं वाक्य उचललं: बीपी, कोलेस्टेरॉल आणि शुगर, तिन्हीत छातीठोकपणे सांगता येईल असा काहीही फरक नाही. सरकारचे, म्हणजे करदात्यांचे पैसे गेले आणि आकडे जागेवरच. समर्थकांनी पुढची वाक्यं वाचली. विमा मिळालेल्यांमध्ये मधुमेहाचं निदान आणि त्यावरची औषधं, दोन्ही वाढली होती. नैराश्याच्या चाचणीत एरवी शंभरातले तीस जण अडकत होते, त्यातले साधारण नऊ कमी झाले. आणि उत्पन्नाच्या तीस टक्क्यांहून जास्त पैसे दवाखान्यात घालवण्याची वेळ ज्यांच्यावर येत होती, ती माणसं जवळपास दिसेनाशी झाली.

आता शुगरच्या आकड्याकडे जरा जवळून बघू, कारण खरी गंमत तिथे आहे.

मोजलेल्या बारा हजारांपैकी नंबर लागलेले साधारण ६,४००. पण नंबर लागला म्हणजे विमा मिळाला असं नव्हतं. पंचेचाळीस दिवसांत फॉर्म भरून पाठवायचा होता. बऱ्याच जणांनी तो पाठवलाच नाही, आणि पाठवलेल्यांतले बरेच जण उत्पन्नाच्या अटीत बसले नाहीत. (फॉर्म, दाखले, मुदत. देश कुठलाही असो, गरिबाची वाट कागदांतूनच जाते.) न लागलेल्यांपैकीही काहींना दुसऱ्या मार्गाने विमा मिळाला होता. सगळी वजाबाकी केली की केवळ सोडतीमुळे विमा मिळालेले उरतात साधारण चोवीस टक्के, म्हणजे दीड हजाराच्या आसपास माणसं. त्यांच्यात शुगर वाढलेले किती असणार? या लोकांमध्ये ते प्रमाण शंभरात पाचच्या आसपास होतं. म्हणजे पाऊणशे माणसं.

अख्ख्या अमेरिकेत गाजलेल्या त्या वाक्याचा, ‘विम्याने मधुमेह सुधारत नाही’ या वाक्याचा, सगळा भार या पाऊणशे माणसांवर आहे. मुळात आकड्यांत थोडी घट दिसलीही होती. शंभरातले जे पाच होते, त्यातला जवळपास एक कमी झाला होता. पण इतक्या छोट्या गटात एवढी घट निव्वळ योगायोगानेही दिसू शकते, म्हणून संशोधकांनी प्रामाणिकपणे लिहिलं की खात्री देता येत नाही. वखारीच्या काट्यावर वेलदोडे तोलायला ठेवले आणि काटा हलला नाही, तर वेलदोड्यांना वजनच नाही असं कुणी म्हणत नाही. इथे मात्र ‘फरक दिसला नाही’ याचं ‘फरक पडत नाही’ कधी झालं, ते टीव्हीवर भांडणाऱ्यांना कळलंही नाही.

मृत्यूंच्या बाबतीत तर ही अडचण आणखी मोठी. धडधाकट वयाच्या माणसांत दोन वर्षांत मरणारे मुळातच फार थोडे असतात. त्यांच्यात फरक शोधायचा तर काही हजार माणसं पुरत नाहीत, लाखो लागतात. एवढी मोठी सोडत कोण काढणार?

ती निघाली, आणि तीही चुकून.

२०१० साली अमेरिकेत ओबामांच्या काळात आरोग्य विम्याचा मोठा कायदा झाला. त्यातलं सगळ्यात नावडतं कलम सक्तीचं होतं. प्रत्येकाने २०१४ पासून विमा घ्यायचा, नाही घेतला तर कर भरताना दंड द्यायचा. दंड भरून मोकळे होणारे, किंवा कसली तरी सूट मागून सुटणारे बरेच होते. २०१७ च्या तोंडावर कर खात्याने अशा कुटुंबांना पत्रं पाठवायचं ठरवलं: तुम्हाला दंड बसला आहे किंवा तुम्ही सूट मागितली आहे, विमा घ्यायचा असेल तर अशी अशी सोय आहे. कुटुंबं होती ४५ लाख. बजेट तेवढं नव्हतं. मग ३९ लाखांना पत्रं गेली आणि उरलेल्या सहाएक लाखांना, चिठ्ठ्या टाकून निवडून, गेली नाहीत.

टपालखर्च कमी पडला म्हणून जगातला बहुधा सगळ्यात मोठा आरोग्य विम्याचा प्रयोग झाला, हे मला अजूनही मोठं नवल वाटतं.

पत्राचा परिणाम तसा किरकोळच. पुढच्या दोन वर्षांत दर ८७ पत्रांमागे एका माणसाचा एक वर्षाचा विमा वाढला. बाकीची पत्रं, आपल्याकडे वीजबिलासोबत आलेली माहितीपत्रकं जातात तिथेच गेली असणार. पण माणसं इतकी होती की आता वेलदोड्यांचंही वजन दिसायला लागलं. ४५ ते ६४ वयाच्या, आधी विमा नसलेल्या लोकांमध्ये दर १,६४८ पत्रांमागे एक मृत्यू कमी झाला.

सोळाशे पत्रं पाठवायला लागतो किती खर्च! अर्थात पत्राने कुणी वाचत नाही. पत्राने एखाद्याने विमा घेतला, विमा होता म्हणून तो एका सकाळी छातीत जड वाटल्यावर दवाखान्यात गेला, आणि तिथे कुणीतरी वेळेत ईसीजी काढला. साखळी अशी काहीतरी असणार. ती प्रत्येकात पूर्ण होत नाही, म्हणून आकडा बारीक. पण होते.

दुसऱ्या एका अभ्यासाचा कलही तिकडेच आहे. त्याच कायद्यात राज्यांनी मेडिकेड वाढवायचं होतं, पण २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते ऐच्छिक केलं. काही राज्यांनी वाढवलं, काहींनी नाही. ५५ ते ६४ वयाच्या गरीब लोकांचे मृत्यू ताडून पाहिल्यावर २०१४ ते २०१७ या चार वर्षांत वाढवणाऱ्या राज्यांत सुमारे १९,२०० जीव वाचल्याचा हिशेब निघाला. नाही म्हणणाऱ्या राज्यांत वाचू शकले असते असे १५,६०० गेले. हा सोडतीसारखा स्वच्छ प्रयोग नाही, राज्याराज्यांत इतर फरकही असतात. तरी पत्रांचा निकाल शेजारी ठेवला की चित्र जुळतं.

वयाकडे बघा. दोन्हीकडे फरक दिसतो तो पंचेचाळीशी-पन्नाशी ओलांडलेल्यांत. पंचविशीतल्या पोराला विमा दिला तर त्याची तब्येत होती तशीच राहील, कारण बिघडायला अजून वेळ आहे. सरासरी काढताना हा पोरगा आणि अंजायना, म्हणजे हृदयाची कळ, अंगावर काढणारा साठीचा माणूस एकाच टोपलीत पडतात, आणि मग टोपलीचं वजन बदललेलं दिसत नाही.

‘अंगावर काढणं’ हा आपला शब्दप्रयोग या सगळ्या संशोधनात कुठे नाही, पण विषय तोच आहे. १९७४ ते १९८२ या काळात अमेरिकेतच रँड या संस्थेने अडीच हजारांहून जास्त कुटुंबांवर एक प्रयोग केला होता. काहींना सगळं औषधपाणी फुकट, काहींना खर्चाचा कमी-जास्त वाटा स्वतःच्या खिशातून. जवळपास सगळं खिशातून देणाऱ्यांचा वापर, फुकटवाल्यांपेक्षा साधारण तीस टक्क्यांनी कमी निघाला, आणि सरासरी तब्येतीत फारसा फरक नाही. ‘फुकट दिलं की लोक उगाच चकरा मारतात’ म्हणणाऱ्यांचा हा आवडता दाखला. पण त्याच प्रयोगात आणखी दोन गोष्टी निघाल्या, त्या ते सांगत नाहीत. खिशातून द्यायचं म्हटल्यावर माणूस फक्त फालतू चकरा टाळतो असं नाही. गरजेच्या चकराही त्याच मापात टाळतो. कुठली कळ गॅसची आणि कुठली हृदयाची हे त्याला घरी बसून कसं कळणार? आणि गरीब असून बीपी वाढलेल्या माणसांना फुकट उपचारांचा फायदा झाला, तोही ठसठशीत.

ओरेगनमधल्या ज्या निकालाबद्दल कुणाचाच वाद नाही, तो मात्र पैशांचा आणि मनाचा आहे. बहुतेक लेखांत तो तळटिपेत जातो. मला तो मुख्य वाटतो. विमा हा मुळात पैशाचा व्यवहार आहे. घराला आग लागू नये म्हणून आपण आगीचा विमा काढत नाही. लागली तर रस्त्यावर येऊ नये म्हणून काढतो. आरोग्य विम्याकडून मात्र आपण बीपी उतरायची अपेक्षा धरतो. आजारपणात मंगळसूत्र गहाण पडलेलं, अर्धा एकर विकलेलं घर आपल्या प्रत्येकाच्या नात्यात एखादं तरी असतं. त्या घरातला माणूस बरा होऊन आला तरी घर पुढची दहा वर्षं आजारीच असतं. ही धास्ती गेली की शंभरातल्या नऊ जणांच्या मनावरचं मळभ जातं, हे ‘आरोग्य सुधारलं नाही’ या खात्यात टाकायला मी तयार नाही.

एक गोष्ट मात्र योजनेच्या समर्थकांनी गिळायला हवी. विमा आला की लोक वेळेवर साध्या डॉक्टरकडे जातील आणि इमर्जन्सीतली गर्दी ओसरेल, असं आश्वासन पुढारी नेहमी देतात. ओरेगनमध्ये विमा मिळालेल्यांचं इमर्जन्सीत जाणं चाळीस टक्क्यांनी वाढलं.

अमेरिका सोडून थायलंडला जाऊ, कारण तिथे एक वेगळाच धडा आहे. २००१ साली तिथल्या सरकारने ‘तीस बाट’ योजना आणली. दवाखान्यात जा, तीस बाट द्या, म्हणजे तेव्हाचा एक डॉलरही नाही, उपचार मिळवा. जगभर कौतुक झालं ते या तीस बाटच्या तिकिटाचं. पण थायलंडमधल्या गरिबांकडे त्याआधीही मोफत उपचारांचं कार्ड होतंच! कागदावर त्यांना सगळं फुकट होतं. गडबड अशी होती की त्या कार्डामागे सरकारी रुग्णालयाला मिळणारे पैसे इतके तुटपुंजे होते की कार्डवाला आला की रुग्णालयाच्या पोटात गोळा यायचा. नव्या योजनेत प्रत्येक माणसामागे ठरलेली रक्कम, पहिल्यापेक्षा कितीतरी मोठी, रुग्णालयांना आधीच मिळायला लागली. पेशंट तेच, कार्डही जवळपास तेच. फक्त आता कार्डवाला आला तर दवाखान्याला परवडत होतं.

मग जे झालं ते बाळांच्या मृत्यूंत दिसलं. आधी गरीब प्रांतांत बालमृत्यूचं प्रमाण श्रीमंत प्रांतांपेक्षा बरंच जास्त होतं. योजनेनंतर गरिबी आणि बालमृत्यू यांच्यातला हा संबंधच पुसला गेला. बाळांच्या बाबतीत परिणाम दिसायला वीस वर्षं थांबावं लागत नाही. न्यूमोनियाच्या तान्ह्या बाळाला आज रात्री ऑक्सिजन मिळाला की नाही, याचं उत्तर उद्या सकाळी कळतं.

म्हणजे कार्ड ही एक गोष्ट, आणि कार्डामागे उभा असलेला दवाखाना ही दुसरी. हे आपल्या शेजारच्या कर्नाटकात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल. तिथे दोन वेगवेगळ्या योजनांचे दोन मोठे अभ्यास झाले आणि निकाल दोन टोकांचे आले.

पहिली, वाजपेयी आरोग्यश्री योजना. २०१० साली ती आधी राज्याच्या उत्तर भागात आली, दक्षिण भाग तेव्हा बाहेर होता. संशोधकांनी या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंची, एकमेकांसारखी गावं निवडली आणि साठ हजारांच्या आसपास घरांत जाऊन कोण कशाने वारलं ते विचारलं. योजनेत हृदयविकार, कर्करोग असे मोठे आजार होते. शिवाय नुसतं कार्ड देऊन सोडलं नव्हतं. गावाकडे शिबिरं भरवून पेशंट शोधायचे, मग त्यांना शहरातल्या रुग्णालयापर्यंत पोचवायचं, अशी रचना होती. दारिद्र्यरेषेखालच्या घरांत या आजारांचे मृत्यू योजनेच्या बाजूला ६४ टक्क्यांनी कमी निघाले. खरं सांगायचं तर ६४ हा आकडा मला जरा जास्तच गोड वाटतो. इथे सोडत नव्हती, आणि मृत्यूचं कारण घरच्यांच्या सांगण्यावरून ठरवलेलं होतं. पण रेषेपलीकडे योजना नव्हती तिथल्या, आणि रेषेअलीकडच्याच पण योजनेत न बसणाऱ्या घरांशी ताडून पाहूनही फरक उरला. निम्मा केला तरी तो लहान नाही.

दुसरी, राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना. वर्षाला कुटुंबामागे तीस हजार रुपयांपर्यंतचं रुग्णालयाचं बिल. पुढे कर्नाटकातच दहा हजारांहून जास्त कुटुंबांवर, खऱ्या चिठ्ठ्या टाकून, हा विमा देण्याचा प्रयोग झाला. ही कुटुंबं दारिद्र्यरेषेच्या वरची होती. फुकट देऊ केला तेव्हा जवळपास एकोणऐंशी टक्के लोकांनी घेतला. तब्येतीचे ढीगभर निकष तपासले. खात्रीने सांगावा असा फरक सापडला नाही. यातली मला सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट निकषांच्या तक्त्यात नाही. पुष्कळ लोकांना कार्ड असूनही ते वापरताच आलं नाही. आणि गावात कार्डवाले जास्त असतील तिथे वापर जास्त होत होता, म्हणजे लोक ते कसं चालवायचं हे एकमेकांचं बघून शिकत होते. सरकारी कागद समजून घ्यायची आपल्याकडची खरी यंत्रणा अजूनही पारच आहे.

महाराष्ट्रातली गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढच्या वर्षी राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. सुरुवातीला पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड लागायचं, आता रंग बघत नाहीत. यादीतल्या शस्त्रक्रिया आणि उपचार मोफत. हृदयाच्या शस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार अशा गोष्टींसाठी या योजनेने किती घरांना सावकाराच्या दारापासून परत फिरवलं, हे सरकारी दवाखान्याच्या बाकावर अर्धा दिवस बसलं तरी कळतं.

आणि तरीही. माझी मावशी साताऱ्याकडच्या एका गावात राहते. तिचं कार्ड लॅमिनेट करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सातबाऱ्याच्या उताऱ्याखाली जपून ठेवलेलं आहे. मावशीला बीपी आहे. गोळी रोज एक, पण ती खाते डोकं धरेल त्या दिवशी. जवळचं आरोग्य केंद्र सहा किलोमीटरवर. तिथे या गोळ्या फुकट मिळायला हव्यात, आणि कधी मिळतातही. कधी ‘पुढच्या आठवड्यात या’. दोन वेळा असं झालं की एसटीचं भाडं घालून कोण जाणार? मेडिकलमध्ये ही गोळी दोन-चार रुपयांना आहे, पण महिन्याची पट्टी एकदम घ्यायची तर भाजीच्या पैशांतून निघणार. तिला अटॅक आला तर अँजिओप्लास्टी फुकट होईल. तो येऊ नये म्हणून लागणारी गोळी त्या कार्डात बसत नाही. मी हे तिला सांगायला गेलो तर म्हणाली, “म्हंजी आधी मोठं दुखणं येऊंदे, मग सरकार हाये.”

तज्ज्ञ मंडळी हेच जरा लांबलचक भाषेत लिहितात.

डॉक्टर आणि गोळ्या दोन्ही दाराशी असले तरी सगळं सुटत नाही, हेही तितकंच खरं. ब्रिटनमध्ये मोफत आरोग्यसेवेला तीस वर्षं उलटल्यावर सरकारनेच नेमलेल्या एका समितीने १९८० मध्ये अहवाल दिला: गरीब कामगार अजूनही वरच्या वर्गापेक्षा लवकर मरतात आणि दरी कमी व्हायची सोडून वाढली आहे. कारणं दवाखान्याच्या बाहेरची, म्हणजे कोंदट घरं, कष्टाचं काम, तंबाखू, कमी मिळकत. अहवाल सरकारला इतका अडचणीचा वाटला की सुट्टीच्या दिवसाचा मुहूर्त साधून त्याच्या जेमतेम २६० प्रती काढल्या. आपल्याकडचे अहवाल दडपणारे एकटेच नाहीत, एवढं त्यातल्या त्यात समाधान.

म्हणून माझ्या मते विरोधकांचा जोरदार मुद्दा ‘विम्याने काही होत नाही’ हा नाहीच. होतं, आणि ते आता मोजून झालेलं आहे. जोरदार मुद्दा हा की तेवढ्याच पैशांत दुसरीकडे जास्त जीव वाचले असते का. याचं सगळ्यात टोचणारं उदाहरण आपल्या गडचिरोलीतलं आहे. नव्वदच्या दशकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि इंजेक्शन कसं द्यायचं. शेजारच्या ४७ गावांच्या तुलनेत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्यात ना विमा होता, ना कार्ड, ना रुग्णालय. पुढे हीच पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामात आली.

पण गडचिरोलीच्या त्या बाळाचा बाप पन्नाशीत आला आणि त्याच्या हृदयाची नळी तुंबली, तर त्या शिकवलेल्या बायकांच्या पिशवीत त्यावर इलाज नाही. तिथे कार्डच लागतं. भांडण पहिला रुपया कुठे घालायचा एवढंच आहे, आणि आपल्याकडे तो बहुधा जिथे फोटो काढून उद्घाटन करता येतं तिथे जातो. उपकेंद्रातल्या बीपीच्या गोळ्यांच्या साठ्याला फीत कोण कापणार?

अमेरिकेतल्या दंडाचं पुढे काय झालं, तेही सांगून टाकतो. २०१७ च्या शेवटी नव्या कायद्याने तो शून्यावर आणला, २०१९ पासून. सक्तीचं कलम पुस्तकात राहिलं, दात गेले. आणि ओरेगनने २०१४ मध्ये मेडिकेड सगळ्याच गरिबांना खुलं केलं. सहा वर्षांपूर्वी सोडतीत ज्यांचा नंबर लागला नव्हता, त्यांच्यातले जे अजून गरीब होते त्यांनाही कार्ड मिळालं. संशोधकांकडे आता तुलनेला बिनविम्याचा गट उरला नाही.